पत्रकाची तिसरी ओळ

तंजावूरला थंडी पडत नाही, असं मला आजवर किती जणांनी सांगितलं याची मोजदाद नाही. त्यात एक पशुवैद्य आहेत, प्राणी विकणारे झाडून सगळे दुकानदार आहेत आणि माझी आई आहे. "थंडी पाहिजे तर उटीला जा. इथं कसली थंडी गे?" असं आई म्हणते, तेव्हा तिच्या डोक्याला मफलर गुंडाळलेला असतो.

म्हणून आधी हे सांगून टाकते. थंडी नुसत्या अंशांत मोजून कळत नाही. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला पाऊस धरतो तो दोन महिने हटत नाही. कालव्यांवरून ओला वारा येतो. भिंती ओलसर, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमट. मग मार्गळी महिना लागतो, तुमचा मार्गशीर्ष-पौष. पहाटे घरची बाई दारात रांगोळी घालायला उठते, पुढचं दार सताड उघडं, मागचं दार सताड उघडं, आणि त्या दोन दारांच्या मधल्या वाऱ्यात, लाल सिमेंटच्या गार जमिनीवर, एक पिंजरा. आत ओल्या वर्तमानपत्रावर मूठभर आकाराचा गिनीपिग. मुलाच्या वाढदिवसाला आणलेला. मुलाला तिसऱ्या आठवड्यात कंटाळा आलेला.

हा प्राणी आजारी पडला तरी सांगत नाही. त्याच्या रक्तातच आहे ते. रानात आजारी दिसला की कोणीतरी उचलून नेणार, म्हणून तो शेवटपर्यंत ठीक असल्यासारखा बसून राहतो. तुम्हाला कळतं तेव्हा त्याने आदल्या दिवसापासून काही खाल्लेलं नसतं, आणि गिनीपिगने एक दिवस खाल्लं नाही की त्याचं पोट बंद पडतं. मग नाकातून पाणी, छातीत करकर, आणि आमच्या ऑफिसात फोन. "अक्का, कालपर्यंत छान होता हो." कालपर्यंत सगळेच छान असतात.

ऑफिस म्हणजे सायकलच्या दुकानावरची एक खोली. आम्ही पाच जण आहोत. टाकून दिलेले प्राणी आणायचे, बरे करायचे, घर शोधून द्यायचं आणि लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या. यातलं शेवटचं काम माझं. फोन घेते आणि पत्रकं लिहिते. माझं वय एकोणतीस. या वयात अनुभव लिहायला बसणं आगाऊपणाचं आहे हे कळतं मला. पण मला एक कबुली द्यायची आहे आणि ती तमिळमध्ये द्यायची हिंमत होत नाही. आमच्या लोकांत, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या तंजावरी मराठी लोकांत, मराठी बोलणारे बरेच आहेत, पण देवनागरी वाचणारे फार थोडे राहिले. मीसुद्धा शिकले ती पुण्यात दोन वर्षं होते तेव्हा, दुकानांच्या पाट्या वाचत. म्हणजे हे जे लिहिते आहे ते इथे कोणी वाचणार नाही. भित्रेपणाच आहे हा. असू दे.

पत्रक लिहिणं मला मुरुगेसन अण्णांनी शिकवलं. आमच्यातले सगळ्यात वडीलधारे. आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवले, मग छापखाना बंद पडला आणि ते आमच्याकडे आले. त्यांचा नियम असा, की पत्रक वाचायला माणसाकडे बसला सिग्नल लागलेला असतो तेवढाच वेळ असतो. एका ओळीत एकच हुकूम. सगळ्या मिळून सात ओळी. आठवी ओळ लिहिलीस तर पहिली वाया गेली. आणि पत्रकाचा कागद चांगला जाड घ्यायचा नाही, कारण जाड कागदाची लोक सुंडलसाठी, उकडलेल्या चण्यांसाठी, पुडी करतात. हे त्यांनी गंमत म्हणून सांगितलं नव्हतं. मी मंदिराबाहेर वाटलेली पत्रकं अर्ध्या तासात चणे घेऊन परत आलेली पाहिली आहेत.

थंडीचं पत्रक लिहायचं ठरलं तेव्हा माझ्या मसुद्यात तिसरी ओळ अशी होती: "पिंजरा जमिनीवर ठेवू नका, लाकडी पाटावर ठेवा, वाऱ्याच्या झोतात नको पण खोली बंदही नको, खालचं अंथरूण रोज कोरडं बदला."

अण्णांनी चष्मा वर केला. मला ते पाप्पा म्हणतात, म्हणजे पोरी. "पाप्पा, यात हुकूम किती?"

"चार."

"ही ओळ आहे की संसार आहे? चित्र दे मला. एकच चित्र. आंधळ्यालासुद्धा दिसलं पाहिजे."

मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि लिहिलं: "थंडीत याला तान्ह्या बाळासारखं जपा."

अण्णांनी वाचलं. कागद घडी करून खिशात घातला. त्यांच्याकडची एवढी मोठी शाबासकी मला आधी मिळाली नव्हती.

ते पत्रक चाललं. माझी आधीची सगळी पत्रकं पडली होती. मांजा नको, फटाके नको, रंगवलेली पिल्लं विकत घेऊ नका, कोणी ढुंकून पाहिलं नाही. हे मात्र लोकांनी फ्रिजवर चिकटवलं, शाळांनी फळ्यावर लावलं, फोनवर फोटो काढून एकमेकांना पाठवलं. फोन यायला लागले. मेडिकल कॉलेज रोडवरच्या एका बाईंनी गिनीपिगला लोकरीची कानटोपी विणली आणि विचारलं, "अक्का, हा कान बाहेर काढतो, काय करू?" एका बँकेतल्या साहेबांनी त्याला सेट-टॉप बॉक्सवर झोपवलं, कारण तिथे ऊब असते. एका घरातून फोटो आला. पांढरा गिनीपिग, आणि त्याच्या कपाळावर दृष्ट लागू नये म्हणून काजळाचा ठसठशीत ठिपका.

तो फोटो मी सगळ्यांना दाखवला. खूप हसले. अण्णांना म्हणाले, "बघा, पोचलं." तिथेच कळायला हवं होतं. लोक माझी ओळ पाळत होते. अगदी शब्दाला शब्द पाळत होते. तान्ह्या बाळाचं जे जे करतात ते ते करत होते. आणि मी पाहत होते आणि हसत होते.

मग धनम पाट्टी आली.

पाट्टी म्हणजे आमच्याकडे आजी. धनम पाट्टीचा धंदा बाळांना अंघोळ घालण्याचा. करंदैपासून पश्चिम वीथीपर्यंत कोणाच्या घरी बाळंतीण आली की पाट्टीला बोलावणं. स्वतः जमिनीवर पाय पसरून बसायची, बाळाला नडग्यांवर पालथं घालायची, कोमट तिळाचं तेल, मग डाळीचं पीठ, मग पाणी, ते असं ओतायची की बाळाच्या नाकाला थेंब लागू नये. शेवटी धुरी. निखाऱ्यांवर सांबराणी, म्हणजे ऊद, टाकायची, त्यावर वेताची टोपली उपडी घालायची, धुराने टोपली भरली की तीवर मऊ कापड, आणि त्या उबेवर बाळाचं डोकं वाळवायचं. तुमच्याकडेही बाळाला धुरी देतात, तुम्हाला नवल वाटू नये. पाट्टीच्या हातातलं बाळ रडायचं नाही. मी पाहिलं आहे. माझ्या चुलत बहिणीचं बाळ घरभर किंचाळायचं आणि पाट्टीच्या पायांवर गेलं की डोळे मिटायचं.

तर ती स्वतः जिना चढून आमच्या खोलीत आली. शेजारणीने तिला पत्रक वाचून दाखवलं होतं. ते तिने कमरेच्या बटव्यात पानसुपारीबरोबर घडी करून ठेवलं होतं.

"यात लिहिलंय ते मला येतं," ती म्हणाली. "दुसरं काही येत नाही, पण हे येतं. सकाळची अंघोळ दोन घरं. मग दिवसभर मी एकटी. दे मला एक."

"पाट्टी, घरात डुक्कर चालेल ना?" खोलीतलं कोणीतरी म्हणालं. तमिळमध्ये या प्राण्याचं नाव घेतलं की डुक्कर आलंच.

"माझी सून चालली घरात बारा वर्षं," पाट्टी म्हणाली. "हे काय मोठं."

तेव्हा आमच्याकडे दोन माद्या होत्या. एका दुकानदाराने पावसात पायरीवर, ताडपत्रीखाली ठेवलेल्या. मी त्याच्याशी रस्त्यात उभी राहून भांडून त्या आणल्या होत्या. घर देण्याआधी आम्ही जाऊन पाहतो. मी पाट्टीची खोली पाहिली. एकच खोली, कौलारू, पण कोरडी. जमिनीवर कोरै गवताची चटई. पिंजऱ्यासाठी तिने लाकडी पाट आधीच काढून ठेवला होता. रोज विनायकाच्या देवळाबाहेरून ताज्या दूर्वा आणते म्हणाली, गवतात गिनीपिगला त्यापेक्षा चांगलं काही मिळत नाही. आवळ्याचा बारीक तुकडा रोज द्यायचा हे तिने एकदा ऐकून लक्षात ठेवलं. मी अर्जावर खूण केली. आजवर मी दिलेलं सगळ्यात चांगलं घर, असं मनात म्हणाले. अजूनही तसंच वाटतं. तीच तर गोम आहे.

तिने त्यांची नावं मुत्तू आणि मणी ठेवली.

तीन आठवड्यांनी मी पाहणीला गेले. बाहेर पाऊस. दोघी गुबगुबीत, केस चमकत होते, नखं कापलेली. मी मुत्तूला उचलून गालाला लावलं. तिच्या केसांना सांबराणीचा वास येत होता.

"पाट्टी, हिला देवळासारखा वास येतोय," मी म्हणाले.

पाट्टी लाजली. "मंगळवारी आणि शुक्रवारी," एवढंच म्हणाली. मला वाटलं, पूजेचे वार सांगते आहे. मी कॉफी प्यायले आणि आले.

ज्या बाईचा रोजचा धंदा मी माझ्या घरात डोळ्यांनी पाहिला होता, तिच्या घरी प्राण्याच्या केसांना धुरीचा वास आला, आणि मला पूजा सुचली. मला कोणी हे काम का करू देतं, कळत नाही.

मार्गळीच्या मध्यावर एका सकाळी तिच्या शेजारणीचा फोन आला. पाट्टीने बोलावलंय, मणी खात नाही. मी विचारलं, "आणि मुत्तू?" पलीकडे कुजबुज झाली. "मुत्तू तीन दिवसांपूर्वी गेली. झोपेतच गेली म्हणते पाट्टी."

मी मोपेडवर निघाले. पाऊस तोंडावर येत होता. वाटभर मी शेजारणीला शिव्या देत होते, तीन दिवस फोन केला नाही म्हणून. दार ढकललं. खिडकी बंद, खिडकीच्या फटींत कापडाचे बोळे. खोली निळसर झाली होती. मधोमध वेताची टोपली उपडी, तीवर धुतलेलं मऊ कापड, आणि बाजूला पाट्टी पाय पसरून बसलेली.

"आता बरं वाटेल तिला," ती म्हणाली. "रोज देते आहे आता. मुत्तूला मी दोनच वार दिली, कमी पडली."

मी टोपली उचलली. मणी आत होती. एका वाटीभर निखाऱ्यांपासून वीतभर अंतरावर, तेल लावून, न्हाऊ घालून, पूर्ण वाळवलेली. इतका स्वच्छ गिनीपिग मी पाहिला नव्हता. मान वर करून, तोंड उघडून श्वास घेत होती.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहिते, कारण ते गाळलं तर या कबुलीला अर्थ नाही. मी म्हणाले, "अक्कल आहे का? मारताय तुम्ही हिला! एकीला मारलं, आता हिला मारताय!"

पत्रकं लिहिणाऱ्याला एका ओळीत बोलायची सवय असते.

पाट्टी उठली. तिने मणीला पदरात घेतलं आणि माझ्या मागे मोपेडवर बसली. गुरांच्या दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर भला माणूस. गाई आणि शेळ्या यांतच त्यांचं आयुष्य गेलं आहे, गिनीपिगला कुठलं औषध चालत नाही हे त्यांना ठाऊक होतं, कुठलं चालतं हे पुस्तकात पाहावं लागलं. ते पुस्तक पाहत होते तेवढ्यात मणी पाट्टीच्या पदरात मेली. आधी पाट्टीला कळलं. तिने पदर सैल केला.

डॉक्टरांनी वास घेतला, केस चाचपले. "न्हाऊ घातलं? या हवेत? आणि हा धूर कसला?" मग जरा चढ्या आवाजात, "कोणी सांगितलं हे करायला?"

पाट्टीने कमरेचा बटवा सोडला. पान काढलं, सुपारी काढली, आणि खालून ते पत्रक काढून त्यांच्या हातात दिलं. "मला वाचता येत नाही, सार. पण यात आहे."

डॉक्टरांनी मोठ्याने वाचलं. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ. मग खाली आमचा पत्ता पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही लिहिलं?"

"हो."

"छान लिहिलंय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बाहेर पत्र्याखाली पाऊस थांबायची वाट पाहत उभ्या होतो. मी पाट्टीला म्हणाले, "तुमची चूक नाही. चूक माझी आहे. मी नीट लिहिलं नाही."

ती म्हणाली, "धुरानं झालं?"

खोटं बोलता आलं असतं. अंघोळीनं झालं म्हणाले असते, थंडीनं झालं म्हणाले असते. थोडंफार खरंही ठरलं असतं. पण मी प्रचारक आहे, मला प्रश्न विचारला की उत्तर तयार असतं. "हो पाट्टी. त्यांची फुफ्फुसं फार लहान असतात. धूर सोसत नाही."

ती पावसाकडे वळली.

"बाळांचीही लहानच असतात," ती म्हणाली.

मी काहीबाही बोलले. बाळं मोठी असतात, त्यांच्या तोंडाला कापड असतं, तुम्ही जपून देता. ती ऐकत नव्हती. ती हळू आवाजात सांगायला लागली होती, मला नाही, स्वतःलाच. तेलाच्या घाण्याजवळच्या घरातला मुलगा, त्याला सारखा खोकला असायचा, त्याची आई म्हणायची पाट्टी, जास्त द्या. शाळामास्तरांच्या जुळ्या, त्यातली एक अशक्त होती, तिला मी रोज दोन वेळा दिली. कुंभकोणमहून बाळंतपणाला आलेली ती मुलगी, तिचं बाळ… इथे ती थांबली. त्या बाळाचं काय झालं मी विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही.

त्या दिवसानंतर धनम पाट्टीने कोणाच्या बाळाला हात लावलेला नाही.

आता यात एक गंमत आहे, हसू येणार नाही अशी. बाळांना धुरी देऊ नका, असं पत्रक काढायचं आमच्या मनात कधीपासून होतं. एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी सुचवलंही होतं. म्हणजे हिशेबाने माझं काम झालं. गावातली सगळ्यात नावाजलेली धुरी बंद पडली. मी खूश व्हायला हवी. पण लोकांनी धुरी सोडलेली नाही. त्यांनी दुसऱ्या बाया धरल्या, ज्यांना पाणी कसं ओतायचं तेही येत नाही, आणि बाळं किंचाळतात. मोठ्या मनाच्या दोघी-तिघी आया माझ्याकडे येऊन गेल्या, "तू सांग ना पाट्टीला, तुझं ऐकते ती." माझं ऐकते. तिने माझं ऐकलं म्हणून तर.

पत्रक मी बदललं. नवीन पत्रकात तिसरी ओळ सहा ओळींची आहे. पाटावर ठेवा. कोरडं अंथरूण, रोज बदला. वारा नको, पण खिडकी थोडी उघडी. अंघोळ नाही, तेल नाही, धूर नाही, उगाच हाताळणं नाही, भोगीला दारात जुनंपानं पेटवतात त्या जाळापासूनही दूर न्या. दोघांना एकत्र ठेवा, ते एकमेकांना ऊब देतात. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, वजन उतरलं तर थांबू नका. अण्णांनी ते ओळी न मोजता जुळवून दिलं. कोणी वाचत नाही. जुनं पत्रक अजून फिरतं आहे. फोनवरून कुठून कुठे गेलं आहे, मला आवरता येत नाही. मदुरैहून फोन येतो, कोइमतूरहून येतो. "अक्का, आम्ही तान्ह्या बाळासारखं जपतोय, तरी हा खात नाही." मी पहिला प्रश्न विचारते, "धुरी देता का?" आणि पलीकडे शांतता पसरते. ती शांतता मला आता तोंडपाठ आहे.

नवीन पत्रक मी पाट्टीला वाचून दाखवायला गेले. जायला मला दीड महिना लागला. ती दारात बसली होती, हात मांडीवर, उताणे. टोपली आढ्याला टांगलेली. पाट तसाच भिंतीला टेकवलेला, त्यावर काही नाही.

मी सगळं पत्रक वाचलं. तिने नीट ऐकलं.

"यात बाळ नाही आता?"

"नाही पाट्टी. काढलं."

"बरं केलंस." मग म्हणाली, "पुन्हा वाच ते. काय काय करायचं ते."

मी वाचलं. कोरडं ठेवा. वारा लागू देऊ नका. न्हाऊ घालू नका. उगाच हाताळू नका. दोघांना एकत्र राहू द्या.

"एवढंच?"

"एवढंच."

तिने मांडीवरचे हात उचलून पाहिले, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, जणू कोणाचे तरी सांभाळायला दिलेले हात होते.

"एवढंच करायचं होतं," ती म्हणाली, "तर मला त्या कशाला दिल्यास गं?"